विश्लेषण : मंगळयानाचा मार्ग आखायला ४०० वर्षांपूर्वीचे गणित कसे उपयोगी पडते? कोण होता योहान्स केप्लर?

भारताचे मंगळयान १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडून निघाले, तेव्हा त्याचा रोख मंगळ त्या रात्री जिथे दिसत होता तिकडे नव्हता. सुमारे दहा महिन्यांनी मंगळ जिथे पोहोचणार होता, त्या जागेकडे यान निघाले होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान आणि ग्रह दोघेही ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचले. अमुक तारखेला अमुक ग्रह आकाशात नेमका कुठे असेल, हे खात्रीने काढण्याची रीत जगाला दिली ती योहान्स केप्लर या जर्मन गणितज्ञाने. दुर्बिणीचा शोधही लागला नव्हता त्या काळात त्याने हे काम हाती घेतले. राज्यातील दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचे तीन नियम आहेत. मात्र ते नियम कोणत्या परिस्थितीत, किती आकडेमोडीनंतर आणि काय काय सोसून हाती आले, हे फारसे सांगितले जात नाही.

केप्लरचे बालपण कसे होते?

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहानशा गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते वरचेवर लढाईवर जात आणि अखेर एकदा गेले ते परतलेच नाहीत. आई कॅथरिना खाणावळवाल्याची मुलगी होती. तिला झाडपाल्याच्या औषधांची माहिती होती. लहानपणी देवी आल्याने केप्लरची दृष्टी अधू झाली आणि हातही कमजोर झाले. पुढे आकाशाचा नकाशा बदलणाऱ्या या माणसाला आकाश नीट दिसत नसे.

तरीही आकाशाची ओढ लागली ती आईमुळे. १५७७ मध्ये एक मोठा धूमकेतू दिसला. तो दाखवायला आई सहा वर्षांच्याही आतल्या योहान्सला गावाबाहेरच्या उंचवट्यावर घेऊन गेली होती. त्याच धूमकेतूची मोजमापे डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे नावाचा एक सरदार घेत होता. पुढे या दोघांची गाठ पडणार होती.

हुशारीमुळे केप्लरला शिष्यवृत्ती मिळाली आणि १५८९ मध्ये तो ट्यूबिंगेन विद्यापीठात दाखल झाला. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. तिथे मायकेल मेस्टलिन या शिक्षकाने त्याला कोपर्निकसचा सिद्धांत शिकवला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मानणारे तेव्हा मोजकेच होते. केप्लर त्यांच्यापैकी एक झाला.

ग्राझ सोडून प्रागला का जावे लागले?

धर्मशिक्षण पूर्ण होण्याआधीच, १५९४ मध्ये त्याला ऑस्ट्रियातील ग्राझ येथे गणित शिकवण्याची नोकरी मिळाली. त्या कामात दरवर्षी पंचांग तयार करणेही होते. हवामान कसे असेल, युद्ध होईल का, याची भाकिते पंचांगात लिहावी लागत. १५९५ च्या पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांचे आक्रमण सांगितले होते. दोन्ही खरे ठरले आणि त्याचे नाव झाले. असल्या भाकितांवर त्याचा स्वतःचा फारसा विश्वास नव्हता, पण पोट भरण्यासाठी ती आयुष्यभर करावी लागली.

१५९६ मध्ये त्याचे पहिले पुस्तक आले. सहा ग्रहांच्या कक्षांमधली अंतरे भूमितीतील पाच नियमित घनाकृतींवरून ठरली आहेत, अशी त्याची कल्पना होती. ती चुकीची होती. पण पुस्तकामुळे दोन गोष्टी झाल्या. कल्पना पडताळायची तर अचूक निरीक्षणे हवीत, हे केप्लरच्या लक्षात आले. आणि ज्याच्याकडे ती निरीक्षणे होती, त्या टायको ब्राहेचे त्याच्याकडे लक्ष गेले.

दरम्यान ग्राझमध्ये कॅथलिक राजवटीने प्रोटेस्टंट शिक्षकांना हाकलायला सुरुवात केली. केप्लर ल्युथरन होता. पहिली दोन मुले तान्हेपणीच गेली होती. १६०० मध्ये त्याला धर्म बदला किंवा शहर सोडा, असे बजावण्यात आले. त्याने शहर सोडले. त्याआधीच फेब्रुवारीत तो प्रागजवळच्या किल्ल्यात टायकोला भेटून आला होता. आता तो कुटुंब घेऊन तिकडेच गेला.

टायकोकडे असे काय होते?

टायकोकडे आकडे होते. दुर्बीण येण्याआधीच्या काळात त्याने भल्यामोठ्या कोनमापक उपकरणांनी, नुसत्या डोळ्यांनी, २० वर्षांहून अधिक काळ ग्रहांच्या जागा नोंदवल्या होत्या. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. हा शब्द पंचांग पाहणाऱ्यांना परिचित आहे. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा दिसतो. टायकोच्या चांगल्या नोंदी एक-दोन कलांपर्यंत अचूक होत्या. एवढी बारकाई त्याआधी कोणालाच साधली नव्हती.

पण टायको हे आकडे सहज कोणाला देत नसे. केप्लरला त्याने मंगळाचे काम दिले, कारण सर्वांत जास्त त्रास मंगळच देत होता. केप्लरला वाटले, आठवडाभरात हा प्रश्न सोडवू. त्याने तशी पैजही लावली. प्रत्यक्षात काही वर्षे गेली. २४ ऑक्टोबर १६०१ रोजी टायकोचा मृत्यू झाला आणि सम्राट रुडॉल्फ दुसरा याने केप्लरला आपला राजगणितज्ञ नेमले. पगार मोठा ठरला, पण तो वेळेवर क्वचितच मिळाला. टायकोच्या वारसांशी निरीक्षणांच्या मालकीवरून वादही सुरू झाला.

मंगळाचे कोडे काय होते?

ग्रह वर्तुळातच फिरतात, असे दोन हजार वर्षे मानले जात होते. कोपर्निकसने पृथ्वीला सूर्याभोवती फिरवले, पण वर्तुळ सोडले नाही. त्यामुळे त्याच्या पद्धतीवर आधारलेले तक्तेही मंगळाच्या बाबतीत अंशांनी चुकत.

केप्लरनेही सुरुवात वर्तुळापासूनच केली. मात्र सूर्य वर्तुळाच्या मध्याशी नाही आणि ग्रहाचा वेग सतत बदलतो, हे त्याने धरले. टायकोने नोंदवलेल्या मंगळाच्या प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असतानाच्या जागा, त्याने घेतल्या. त्यातल्या चार निवडल्या आणि त्यांना बसेल असे वर्तुळ शोधायला लागला. हे समीकरण सरळ सुटत नव्हते. अंदाज धरायचा, सगळे गणित करायचे, किती चुकले ते पाहायचे, अंदाज सुधारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून करायचे. असे त्याने सुमारे ७० वेळा केले. पानेच्या पाने आकड्यांनी भरली. अखेर दोन कलांच्या आत जुळणारे वर्तुळ मिळाले.

इथे दुसरा कोणीही थांबला असता. केप्लरने मात्र निवडलेल्या चार जागा सोडून बाकीच्या नोंदींवरही ते वर्तुळ तपासले. काही ठिकाणी आठ कलांचा फरक निघाला.

आठ कलांचा फरक एवढा महत्त्वाचा का ठरला?

आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा भाग. आधीच्या काळातल्या नोंदी दहा कलांनी सहज चुकायच्या, त्यामुळे असा फरक निरीक्षणाच्या चुकीवर ढकलून मोकळे होता आले असते. पण टायको आठ कलांनी चुकणार नाही, हे केप्लरला माहीत होते. आकडे बरोबर असतील तर वर्तुळच चुकीचे असणार. कित्येक महिन्यांच्या कष्टाने मिळालेले उत्तर त्याने बाजूला ठेवले आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

केप्लरच्या साऱ्या आयुष्यात हा निर्णय सर्वांत मोठा मानला जातो. सिद्धांत आणि मोजमाप यांत भांडण झाले तर मोजमापाचे ऐकायचे, हा आजच्या विज्ञानाचा पाया आहे. त्याने तो ज्या वेळी पाळला, तेव्हा तसे करायला लावणारे कोणीच नव्हते.

आपणच फिरत असताना मंगळाची कक्षा मोजायची कशी?

मंगळाकडे आपण पाहतो ते पृथ्वीवरून आणि पृथ्वी स्वतः फिरते आहे. चालत्या गाडीतून दुसऱ्या चालत्या गाडीचा मार्ग काढण्यासारखे हे होते. आधी आपल्याच गाडीचा मार्ग नीट कळायला हवा. केप्लरने त्यासाठी सुंदर युक्ती काढली.

मंगळ ६८७ दिवसांनी सूर्याभोवतीच्या आपल्या त्याच जागी परत येतो. तेवढ्या काळात पृथ्वीच्या दोन फेऱ्या पुऱ्या होत नाहीत, त्यामुळे ती मात्र वेगळ्या जागी असते. म्हणजे ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी निवडल्या, तर मंगळ तोच खुंटा आणि पृथ्वी दोन निरनिराळ्या ठिकाणी. शेतजमिनीची मोजणी करणारा माणूस एका ठराविक खुणेवर नजर धरून बाकीच्या जागा काढतो, तसे केप्लरने मंगळाला खूण मानून पृथ्वीची कक्षा मोजली. टायकोच्या नोंदी २० वर्षांच्या असल्यामुळे अशा जोड्या मिळाल्या.

यातून पृथ्वीचा वेगही एकसारखा नाही, हे दिसले. सूर्याजवळ असताना ती जलद चालते, दूर असताना सावकाश. सूर्यापासून ग्रहापर्यंत एक दोरी ताणली आहे असे समजा. ती दोरी समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. आज ज्याला दुसरा नियम म्हणतात, तो हा. शोधाच्या क्रमात तो आधी सापडला.

लंबवर्तुळ कसे सापडले?

आता मंगळाची कक्षा पुन्हा काढली, तर ती बाजूंनी किंचित आत दबलेली निघाली. केप्लरने आधी अंड्याच्या आकाराची कक्षा धरून पाहिली. ती जमेना. त्या आकाराचे गणित करताना सोयीसाठी तो अधूनमधून लंबवर्तुळ वापरत होता, पण तेच उत्तर आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. १६०५ मध्ये ते स्पष्ट झाले. मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य तिच्या एका नाभीशी आहे.

फरक किती सूक्ष्म होता, हे पाहण्यासारखे आहे. मंगळाच्या कक्षेची लांबी आणि रुंदी यांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक आहे. कागदावर काढली तर ती वर्तुळच वाटेल. पण सूर्य मध्यापासून बराच सरकलेला असल्याने मंगळ त्याच्या जवळात जवळ सुमारे २०.७ कोटी किलोमीटरवर येतो आणि लांबात लांब सुमारे २४.९ कोटी किलोमीटरवर जातो.

टायकोच्या वारसांशी चाललेला वाद मिटेपर्यंत पुस्तक छापता आले नाही. ‘ॲस्ट्रोनॉमिया नोव्हा’ हा ग्रंथ १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला. केप्लरने त्यात नुसते निष्कर्ष दिले नाहीत. चुकलेल्या वाटा, फसलेले अंदाज, सारे काही लिहून ठेवले.

अमुक दिवशी ग्रह कुठे, हे कसे काढतात?

कक्षेचा आकार कळला म्हणजे काम संपत नाही. प्रवासाला निघायचे तर वेळापत्रक लागते. ग्रहाचा वेग बदलता असल्याने ‘एक चतुर्थांश वेळ झाली, म्हणजे एक चतुर्थांश फेरी झाली’ असा हिशेब चालत नाही. वेळ आणि जागा यांना जोडणारे समीकरण केप्लरने मांडले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. जागेवरून वेळ काढणे त्यात सोपे आहे. वेळेवरून जागा काढणे मात्र सरळ सूत्राने जमत नाही. केप्लरने हे मान्य केले आणि अंदाज करून सुधारत जाण्याची रीत वापरली.

उदाहरण मंगळाचेच घेऊ. त्याच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे सूर्य मध्यापासून किती सरकला आहे याचे माप, ०.०९३४ आहे. कोनात ते ५.३५ अंश होते. सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून एक चतुर्थांश काळ गेला, म्हणजे वेळेचा कोन ९० अंश. समीकरण सांगते की कक्षेवरचा सहायक कोन हा वेळेच्या कोनाहून, ५.३५ गुणिले त्या सहायक कोनाची साइन, एवढ्याने जास्त असतो. पण सहायक कोन तर अजून माहीत नाही. म्हणून आधी ९० धरायचे. ९० ची साइन १, तेव्हा उत्तर ९५.३५. आता ९५.३५ ची साइन घेऊन पुन्हा करायचे. उत्तर ९५.३३. पुन्हा केले तरी ९५.३३ च येते. उत्तर स्थिरावले. या कोनावरून ग्रहाची दिशा आणि सूर्यापासूनचे अंतर दोन्ही मिळतात.

संगणक हे काम क्षणार्धात करतो. केप्लरला प्रत्येक साइन तक्त्यात शोधून हाताने गुणाकार करावे लागत.

आईवर खटला का चालला?

१६११ हे वर्ष केप्लरसाठी भयंकर ठरले. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला. त्याच वर्षी पत्नी बार्बराही गेली. आश्रयदाता रुडॉल्फ सत्ता गमावून बसला आणि पुढच्या वर्षी वारला. केप्लर ऑस्ट्रियातील लिंझला गेला. तिथे त्याने दुसरे लग्न केले, पण धर्ममतांवरून त्याच्याच ल्युथरन पंथाच्या पाद्रीने त्याला प्रार्थनाविधीतून वगळले.

१६१५ मध्ये बातमी आली की लिओनबर्ग गावात आईवर चेटूक केल्याचा आरोप झाला आहे. तिने दिलेल्या पेयाने आपण आजारी पडलो, असे एका शेजारणीचे म्हणणे होते. बघता बघता गावातल्या जुन्यापान्या तक्रारी गोळा झाल्या. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या कॅथरिनाला अटक झाली आणि साखळदंडात ठेवण्यात आले. केप्लर सगळे काम टाकून तिच्या बचावासाठी गेला. आरोपांतली प्रत्येक तक्रार घेऊन तिला नैसर्गिक कारण काय असू शकते, साक्षी कुठे एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्याने लेखी मांडले. मंगळाच्या नोंदी तपासताना वापरलेली चिकाटी त्याने इथेही वापरली.

सप्टेंबर १६२१ मध्ये आईसमोर छळाची हत्यारे मांडून तिला गुन्हा कबूल करायला सांगण्यात आले. तिने नकार दिला. सुमारे १४ महिन्यांच्या कैदेनंतर तिची सुटका झाली आणि सहा महिन्यांतच, एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

या प्रकरणाचा संबंध अंतराळप्रवासाशीही आहे. केप्लरने चंद्रावरच्या प्रवासाची एक कथा लिहून हस्तलिखित स्वरूपात काही जणांना दिली होती. कथेतल्या नायकाची आई जडीबुटी विकते आणि एका अदृश्य शक्तीला बोलावून मुलाला चंद्राची माहिती मिळवून देते. या मजकुराने आईविरुद्धच्या कुजबुजीला खतपाणी घातले, असे केप्लरला पुढे वाटत राहिले. तिच्या मृत्यूनंतर त्याने कथेला २२३ टिपा जोडल्या आणि त्यामागचे विज्ञान समजावले. निघताना प्रवाशांना जबर हिसका बसेल, वाटेत कडाक्याची थंडी असेल, श्वास घेणे कठीण होईल, आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ समान होते तिथपासून पुढे जोर लावावा लागणार नाही, असे त्यात आहे. न्यूटनच्या जन्माआधीचे हे लिखाण आहे. ‘सोम्नियम’ नावाची ही कथा केप्लरच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये छापली गेली.

तिसरा नियम आणि युद्ध एकाच महिन्यात कसे आले?

ग्रहांचा फेरीचा काळ आणि सूर्यापासूनचे अंतर यांचे नाते केप्लर तरुणपणापासून शोधत होता. मार्च १६१८ मध्ये ते सुचले, पण गणितातल्या चुकीमुळे त्याने सोडून दिले. १५ मे १६१८ रोजी पुन्हा करून पाहिले आणि ते जुळले. काळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाशी प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर १ धरले तर मंगळाचे १.५२४. त्याचा घन ३.५४. मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या १.८८ वर्षांचे. त्याचा वर्ग ३.५३. दोन्ही जवळजवळ सारखे.

त्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकण्यात आले आणि तीस वर्षांचे युद्ध पेटले. केप्लरचे उरलेले आयुष्य या युद्धाच्या सावलीत गेले.

ग्रहांचे वेळापत्रक कसे छापले गेले?

टायकोच्या नोंदींवरून ग्रहांचे तक्ते तयार करण्याचे काम केप्लरकडे २५ वर्षे होते. मधल्या काळात स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले. गुणाकाराची बेरीज करून टाकणारे हे साधन केप्लरने उचलले, त्याचे स्वतःचे तक्ते केले आणि ग्रहांचे गणित त्यांच्या मदतीने पूर्ण केले.

छपाईसाठी पैसे नव्हते. सम्राटाकडे हजारो गिल्डरचा पगार थकला होता. १६२६ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांनी लिंझला वेढा घातला, तेव्हा छापखाना जळाला. केप्लरने हस्तलिखित घेऊन उल्म गाठले आणि पदरचे पैसे घालून, स्वतः उभे राहून १६२७ मध्ये ‘रुडॉल्फी तक्ते’ छापून घेतले. त्यांच्या आधारे कोणीही, कोणत्याही तारखेला, कोणताही ग्रह कुठे असेल हे काढू शकत होता.

या तक्त्यांवरून त्याने जाहीर केले की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल. असे अधिक्रमण तोपर्यंत कोणीही पाहिलेले नव्हते. ठरल्या दिवशी पॅरिसमध्ये पिएर गॅसेंडीने सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेतली आणि तो बारीक काळा ठिपका सरकताना पाहिला.

ते पाहायला केप्लर नव्हता. थकलेल्या पैशांच्या खटपटीसाठी तो घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेला असताना तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी, ५८ व्या वर्षी वारला. ज्या दफनभूमीत त्याला पुरले ती युद्धात उद्ध्वस्त झाली. त्याच्या थडग्याचा आज मागमूस नाही.

मंगळयानाशी याचा संबंध काय?

ग्रह असे का फिरतात, याचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने दिले. त्यामुळे स्पष्ट झाले की केप्लरचे नियम फक्त ग्रहांना नव्हे, सूर्याभोवती फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूला लागू आहेत. इंजिन बंद करून चाललेले यान हा सूर्याभोवती फिरणारा एक छोटा ग्रहच असतो.

जर्मन अभियंता वॉल्टर होमान याने १९२५ च्या पुस्तकात कमी इंधनात ग्रहावर जाण्याचा मार्ग दाखवला. एक टोक पृथ्वीच्या कक्षेला आणि दुसरे मंगळाच्या कक्षेला टेकेल, असे लंबवर्तुळ घ्यायचे. त्याचे सरासरी अंतर म्हणजे १ आणि १.५२४ यांची सरासरी, १.२६२. तिसऱ्या नियमाने त्याचा घन सुमारे २.०१ आणि वर्गमूळ सुमारे १.४२. म्हणजे पूर्ण फेरीला १.४२ वर्षे. आपल्याला अर्धीच फेरी हवी, तेव्हा प्रवास सुमारे २५९ दिवसांचा.

तेवढ्या दिवसांत मंगळ स्वतः सुमारे १३६ अंश पुढे सरकतो आणि यान १८० अंश जाते. म्हणून यान सुटताना मंगळ पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे असायला हवा. अशी स्थिती साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. मंगळ मोहिमा विशिष्ट महिन्यांतच का सुटतात आणि संधी हुकली तर दोन वर्षे का थांबावे लागते, याचे उत्तर एवढ्याशा गणितात आहे.

प्रत्यक्षात कक्षा वर्तुळाकार नाहीत, त्या एकाच प्रतलातही नाहीत, आणि इतर ग्रहांची ओढ असते. त्यामुळे खरा मार्ग संगणकावर बारकाईने काढावा लागतो आणि वाटेत सुधारावाही लागतो. मंगळयानाचा प्रवास सुमारे ३०० दिवसांचा झाला आणि वाटेत तीनदा मार्ग दुरुस्त केला गेला. पण आखणीची पहिली रेघ ओढली जाते ती केप्लरच्या नियमांनीच.

आज हे गणित आणखी कुठे चालते?

मोबाइलमध्ये. नकाशाच्या ॲपला तुमची जागा कळण्यासाठी आधी जीपीएस उपग्रह त्या क्षणी कुठे आहेत हे कळावे लागते. प्रत्येक उपग्रह आपल्या लंबवर्तुळाची मापे प्रक्षेपित करत असतो. त्यांत कक्षेचा आकार, उत्केंद्रता आणि वेळेचा कोन असतो. या मापांवरून उपग्रहाची जागा काढताना मोबाइलमधील चिप केप्लरचेच समीकरण सोडवते. रीतही तीच. अंदाज धरायचा, तपासायचा, सुधारायचा.

दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या नासाच्या दुर्बिणीला केप्लरचे नाव दिले होते. २००९ ते २०१८ या काळात तिच्या निरीक्षणांतून २,६०० हून अधिक ग्रह सापडले. ताऱ्याचा उजेड किती दिवसांनी मंदावतो ते पाहायचे आणि त्या काळावरून ग्रहाचे ताऱ्यापासूनचे अंतर काढायचे, हे काम तिसऱ्या नियमाने होते.

अवकाशात ‘साधारण बरोबर’ चालत नाही. कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासात आठ कलांची चूक यानाला ग्रहापासून लाखो किलोमीटर दूर नेऊ शकते. टायकोच्या नोंदींतील तेवढ्याच फरकाकडे डोळेझाक करायचे केप्लरने नाकारले होते.